कुशीची उसनवारी

शाळेच्या वार्षिकांत असला विषय यावा कीं येऊं नये, अशी शंका कांहीं पालकांस येईल, आणि ती अगदींच निराधार आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु नववीच्या वर्गांत शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट चालली असतां एका विद्यार्थिनीनें मला विचारलें, "गुरुजी, बीज एकीचें, कूस दुसरीची आणि सांभाळ तिसरीचा असता, तर राजानें मूल कोणाच्या पदरांत घातलें असतें?" वर्ग हंसला. मला हंसूं आलें नाहीं. तिच्या प्रश्नासारखाच तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें खरोखर आलेला आहे, आणि जो प्रश्न न्यायमूर्तींस टाळतां येत नाहीं तो शिक्षकानें टाळावा हें बरें नव्हे.

एका दांपत्याचें बीज दुसऱ्या स्त्रीच्या उदरांत वाढवावयाचें आणि प्रसूतीनंतर मूल त्या दांपत्याच्या स्वाधीन करावयाचें, या व्यवहारास सरोगसी म्हणतात. शरीराबाहेर गर्भधारणा करण्याची विद्या साध्य झाल्यावांचून हें घडणें शक्य नव्हतें. त्या विद्येनें जन्मलेलें पहिलें मूल इंग्लंडांत जुलै १९७८ मध्यें झालें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें दुसरें झालें, पण त्या बिचाऱ्यांवर त्या वेळीं सरकार-दरबारीं कोणी विश्वास ठेविला नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांना ऑगस्ट १९८६ मध्यें यश आलें. विद्या अशी नवी असली तरी कल्पना फार जुनी आहे. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरीं नेला, ही बलरामाच्या जन्माची कथा आमच्याकडील भजनी मंडळींस ठाऊक आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत निपुत्रिक साराय आपली मिसरी दासी हागार नवऱ्यास देते, आणि पुढें स्वतःस पुत्र झाल्यावर त्याच हागारेस पोरासह रानांत घालवून देवविते. हागारेस तुझी इच्छा काय, असें कोणीं विचारल्याचें त्या कथेंत नाहीं. शास्त्रानें ही गोष्ट झांकून न ठेवतां लिहून ठेविली, हेंच मला तिचें मोल वाटतें.

भारतांत हा व्यवहार नांवारूपास आला तो गुजराथेंतील आणंद येथें. २००४ सालीं तेथें एका आजीनें विलायतेंत राहणाऱ्या आपल्या लेकीचीं जुळीं मुलें स्वतःच्या उदरीं वाढविलीं. त्यांत प्रेमच होतें. पण बातमी जगभर पसरली, आणि परदेशांतील पैसेवाले व आसपासच्या खेड्यांतील गरजू बायका, अशा दोन रांगा तेथें लागल्या. २००८ सालीं एका जपानी दांपत्यासाठीं तेथें जन्मलेल्या मुलीची हकीकत अंगावर कांटा आणणारी आहे. मूल पोटांत असतांनाच दांपत्याचा काडीमोड झाला. मूल मागणारी बाई मागें सरली; बीज देणारी अज्ञात; जन्म देणारीचें काम करारानें संपलेलें. तीन आया असून मूल आईवांचून राहिलें! अखेर बापाची वृद्ध आई जपानांतून आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेव्हां कोठें त्या मुलीचा मार्ग मोकळा झाला. आपल्या मराठींत समृद्धी पोरे यांनीं 'मला आई व्हायचंय' या चित्रपटांत हाच विषय घेतला. त्यांतील परदेशी बाई मूल जन्मण्यापूर्वींच त्यास टाकून जाते आणि वाढलेलें मूल परत मागावयास येते. त्या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारहि मिळाला.

आतां मुंबईचा तंटा. एका स्त्रीस तिच्या धाकट्या बहिणीनें बीज दिलें, तिसऱ्या बाईनें गर्भ वाढविला, आणि जुळ्या मुली झाल्या. पुढें नवरा मुलींस घेऊन निराळा राहूं लागला व बीज देणारी मेहुणीहि त्याच घरीं राहूं लागली. नवऱ्याचें म्हणणें असें कीं, बीज मेहुणीचें, सबब आईपण तिचें. बायकोचा मुलींवर कांहीं हक्क नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें उच्च न्यायालयानें हें म्हणणें फेटाळलें. बीज दिल्यानें आईचा हक्क उत्पन्न होत नाहीं असें ठरवून, पांच वर्षांच्या त्या मुलींस दर आठवड्याअखेर तीन तास भेटण्याची मुभा त्यांच्या आईस दिली. निकाल योग्यच झाला. पण गर्भ वाढविणारी तिसरी बाई या तंट्यांत कोणाच्याच बाजूस नव्हती. माझे विचार तिच्यापाशींच घोंटाळतात.

कारण तसल्या बाईस आम्ही मराठवाड्यांतले लोक चांगले ओळखतों. दसऱ्यानंतर आमच्या भागांतून ऊसतोडीस टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर तो अंगावर फिरतो. पाळीच्या दुखण्यानें दिवस बुडूं नये म्हणून गर्भाशयच काढून टाकणाऱ्या बायकांची बोंब शेजारच्या बीड जिल्ह्यांतून उठली, तेव्हां २०१९ सालीं राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सरोगसीचा आणि याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, जेथें पोटासाठीं कूस काढून टाकली जाते, तेथें पोटासाठीं ती भाड्यानें देण्यास बाई तयार झाली, तर तिला 'स्वेच्छेनें आली' म्हणणें हा शब्दांचा खेळ आहे.

म्हणूनच संसदेनें २०२१ सालीं कायदा करून पैशांची सरोगसी बंद केली, तेव्हां मला समाधान वाटलें. परदेशीयांस तर २०१५ सालींच मज्जाव झाला होता. हा कायदा जानेवारी २०२२ पासून अंमलांत आहे. गर्भ वाढविणारी स्त्री विवाहित असावी, तिला स्वतःचें एक तरी मूल असावें, वय २५ ते ३५ असावें, आणि जन्मांत एकदांच तिनें हें करावें. औषधोपचाराचा व ठरवून दिलेला तत्सम खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा, यापलीकडे तिला मेहनताना नाहीं. पैशांचा व्यवहार करील त्यास दहा वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड.

बाजार उठला, हें ठीकच. परंतु या परोपकाराचा हिशेब जरा उलगडून पाहावा. डॉक्टरांस त्यांचें शुल्क मिळतें, वकिलांस त्यांचें, औषधवाल्यास त्याचें. उलट्या, जागरण आणि प्रसूतीच्या वेळीं पोटावर फिरणारी सुरी जिच्या वांट्यास येते, तिनें मात्र पुण्यावर समाधान मानावयाचें! आणि हें पुण्य करणार कोण? परकी बाई फुकट कशाला येईल? मग घरांतलीच शोधली जाणार. थोरल्या जावेस मूल नाहीं, धाकटीला दोन आहेत. सासूबाई एक शब्द टाकतात, नवरा खालीं पाहतो, आणि धाकटी 'हो' म्हणते. गर्भ उदरांत ठेवण्यापूर्वीं संमति मागें घेण्याची सवलत कायद्यानें तिला दिली आहे. पण ज्या घरांत जन्म काढावयाचा तेथें ती कोणत्या तोंडानें वापरणार? शेजारणीकडून वाटीभर पीठ उसनें आणलें तर वाटी शीग लावून परत करण्याची आपली रीत. कुशीची उसनवारी मात्र रिकाम्या वाटीनें फेडावी, हें मला पटत नाहीं.

माझें मत असें कीं, या बाईचें म्हणणें एखाद्या स्त्री-न्यायाधीशानें एकांतांत ऐकावें. नवरा, सासू, जाऊ यांपैकीं कोणी दाराशींहि नसावें. तेथें ती नको म्हणाली तर कारण कोणास कळविलें जाऊं नये. आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई सरकारनें ठरवून तिच्या स्वतःच्या खात्यांत भरवावी. तसें केल्यास बाजार मागच्या दारानें येईल, असा आक्षेप आहे. साक्षीदारास न्यायालय भत्ता देतें. तेवढ्यानें त्यानें साक्ष विकली असें कोणी म्हणतो काय? घासाघीस नसेल तर भरपाई आणि किंमत यांतील भेद टिकतो.

दुसऱ्या बाजूचे सज्जन म्हणतात, हा खटाटोपच कशाला, अनाथ मूल दत्तक घ्या. उपदेश चांगला आहे, पण करणाऱ्यास फुकट पडतो. कायद्यानें दत्तक देतां येण्याजोगीं मुलें थोडीं, अर्ज करणारीं दांपत्यें हजारोंनीं, आणि वाट पाहण्यांत वर्षें जातात. तोंवर ओटी भरण्याच्या वेळीं जिला वगळून पुढें जातात, बारशाचें बोलावणें जिला चुकून राहिल्यासारखें राहतें, तिचें दुःख कमी होत नाहीं. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांतहि कांहीं निराळें घडतें असें नाहीं. बाप्तिस्म्याच्या जेवणांत 'तुमचें कधीं?' हा प्रश्न तितक्याच सहजतेनें विचारला जातो. वांझ हा शब्द गांवाच्या जिभेवर आहे तोंवर कूस मागणारीस स्वार्थी म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

नोकरदार स्त्रियांची बाजू न्यायालयांनीं व सरकारनें पुष्कळशी सांवरली आहे. सरोगसीनें आई झालेल्या एका प्राध्यापिकेस प्रसूतिरजा नाकारतां येणार नाहीं, असें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०१५ सालीं ठरविलें. जून २०२४ मध्यें केंद्र सरकारनें नियम बदलून, मूल घेणारी व मूल वाढविणारी या दोघींसहि, त्या केंद्राच्या नोकरींत असल्यास, १८० दिवसांची रजा दिली. चाकूर तालुक्यांत सोयाबीन खुरपणारी बाई कोणाकडे रजेचा अर्ज करणार? ती बाळंत होऊन रित्या हातांनीं घरीं येईल, छातींत दूध दाटेल, आणि सव्वा महिना पुरा होण्याच्या आधींच खुरपें घेऊन रोजानें जाईल.