रजा आषाढात, जत्रा फाल्गुनात



मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी करायला कार्यकारिणी बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुलै-ऑगस्टमध्ये इथे कोण आहे? उत्तरही ठरलेले. शाळांना सुट्टी लागते, बहरीनचा उन्हाळा असह्य होतो आणि मनामा, रिफा, मुहर्रकमधली आपली बरीचशी घरे कुलपे लावून गावी जातात. म्हणून मंडळ त्या दोन महिन्यांत काही ठेवत नाही. यात गैर काहीच नाही. पण ही यादी करताना दुसरी एक यादी आपण कधी शेजारी ठेवून पाहत नाही, ती आपापल्या गावच्या कार्यक्रमांची. ती ठेवून पाहिली की लक्षात येते की गावात जेव्हा काही घडत असते तेव्हा आपण बहरीनमध्ये असतो आणि आपण गावात असतो तेव्हा गाव शेतात असते.

गावचे वर्ष कसे चालते ते आठवून पाहावे. सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्र रात्र दशावतार रंगतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरी, पौषात पौर्णिमेला मांढरदेव, महाशिवरात्रीला देवगडजवळचे कुणकेश्वर. फाल्गुनात सगळ्या कोकणात शिमगा. रत्नागिरीकडे बऱ्याच गावांत तो फाकपंचमीपासूनच सुरू होतो आणि ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. चैत्र पौर्णिमेला जोतिबा. चैत्र-वैशाखात देशावरच्या गावोगावच्या यात्रा, त्यात कुस्त्यांचे फड, तमाशा, आणि २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून पुन्हा बैलगाड्यांच्या शर्यती. अखंड हरिनाम सप्ताह, शाळेचे स्नेहसंमेलन, लग्ने, मुंजी, वास्तुशांती हे सारे याच सहा-सात महिन्यांत.

मग आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नसराई थांबते. नेमके तेव्हा आपण विमानातून उतरतो. आपल्यापैकी किती घरांतल्या मुलांनी सख्ख्या मावशीचे किंवा काकाचे लग्न फक्त व्हिडिओवर पाहिले आहे, हे ज्याने त्याने मोजावे. जी कामे काढून आपण जातो तीही पावसात होत नाहीत. कौले शाकारायची ती पावसाआधी. जमिनीची मोजणी, विहिरीचे काम, घराची भिंत, सगळ्याला उत्तर एकच: ‘दिवाळीनंतर बघू.’ दिवाळीनंतर आपण इथे असतो.

श्रावणात काहीच नसते असे नाही. नागपंचमी आहे, नारळी पौर्णिमा आहे, गोपाळकाला आहे. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली तेव्हा कोकणातल्या काही कुटुंबांना निदान बाप्पाचे पहिले दिवस घरी मिळाले. पण अशी वर्षे थोडी. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चतुर्थी १९ सप्टेंबरवर गेली, तोवर इथल्या शाळा सुरू होऊन गेल्या होत्या.

याचा परिणाम आपल्यापेक्षा मुलांवर अधिक होतो. आपल्याला गाव दोन्ही रूपांत माहीत आहे. मुलांना ते एकाच रूपात माहीत आहे: चिखल, गेलेली वीज, ओले कपडे, कामात बुडालेले काका आणि टीव्हीसमोरची आजी. ‘गावी काय करायचे?’ असे मूल विचारते तेव्हा आपल्याला वाईट वाटते, पण त्याने पाहिलेल्या गावापुरता प्रश्न रास्त आहे. जत्रेतली खाज्याची दुकाने, पहाटेपर्यंत चाललेले नाटक, अंगणात आलेली पालखी, लग्नघरातली पंगत त्याने पाहिलेलीच नाही. आपण इथे गॅदरिंगला त्याला कोळीनृत्य शिकवतो, लेझीम शिकवतो, आणि ज्या ठिकाणी हे खरोखर होते तिथे ते होत नसलेल्या दिवसांत घेऊन जातो.

दुसरी बाजू गावाची. गावात माणूस ओळखला जातो तो कार्यात उभा राहिल्याने. आपण वर्गणी पाठवतो, सभामंडपाला देणगी देतो, देणगीदारांच्या फलकावर आपले नाव रंगवलेले असते. पण पालखी दारात आली की ओटी भरायला, नारळ द्यायला घरात माणूस लागतो. दार बंद असले तर पालखी पुढच्या घरी जाते. त्यात कोणाचा राग नसतो, पण एका पिढीने हे बंद दार पाहिले की पुढच्या पिढीला त्या घरात कोण राहत होते हे विचारावे लागते. म्हणून हा प्रश्न आम्हांस केवळ हौसेचा वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की जत्रेच्या तारखा आपल्याला कळतात कुठे आणि रजा तर आधी मागावी लागते. खरे आहे. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीचे उदाहरण घ्या. भराडी देवीची ही दीड दिवसाची जत्रा पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग जाहीर होते. २०२२ साली ती २४ फेब्रुवारीला होती, २०२३ साली ४ फेब्रुवारीला, २०२४ साली २ मार्चला, २०२५ साली २२ फेब्रुवारीला. म्हणजे जवळजवळ महिन्याचा फरक. तरी तारीख जाहीर झाली की मुंबईचा चाकरमानी तिकिटाच्या मागे लागतो, कोकण रेल्वेवर जादा गाड्या सुटतात आणि एवढ्याशा वाडीत लाखोंची गर्दी होते. त्या लोकांनाही नोकऱ्या आहेत. मग ते कसे जमवतात? तारखेची वाट पाहणे हे त्यांच्या घराच्या वर्षाचाच भाग आहे म्हणून. दिवाळी झाली की ‘तारीख ठरली का?’ असे ते विचारू लागतात. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या यात्रेसाठी सुपारी देतात. एवढ्या आधीपासून गाव आपल्या कार्यक्रमाला लागते. आपणही तेवढे आधी लागावे, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप रजेचा. बहरीनच्या २०१२ सालच्या कामगार कायद्याप्रमाणे वर्षभर नोकरी झाली की तीस दिवसांची पगारी रजा मिळते, पण ती केव्हा द्यायची हे कामाच्या सोयीने मालक ठरवतो. बरोबर. परंतु जुलै-ऑगस्टची रजा सगळेच मागतात. विमानाचे तिकीटही त्याच दिवसांत सर्वांत महाग, कारण सगळ्या शाळा एकदम सुटतात. फेब्रुवारी-मार्चची रजा मागणारे थोडे असतात. आपल्यातली साइटवर काम करणारी मंडळी, ज्यांची कुटुंबे गावीच आहेत, ती दोन वर्षांनी एकदाच जातात, पण बहुधा बहिणीचे लग्न किंवा गावची यात्रा धरूनच जातात. कुटुंबासह राहणाऱ्या आपल्यासारख्यांना रजेचे दिवस जास्त आणि सवलतीही जास्त, आणि जत्रा मात्र त्यांनी पाहिलेली, आपण नाही.

तिसरा आक्षेप शाळेचा, आणि तो खरा जड आहे. इथे आम्हांस एक हिशेब सभासदांपुढे ठेवायचा आहे.

हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. आपले पंचांगही चंद्राचेच, पण आपण साधारण दर तीन वर्षांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरीत अधिक महिना नाही. म्हणून ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. मात्र दोन्हीकडे महिना अमावास्येनंतरच सुरू होत असल्यामुळे रमझानची ईद नेहमी कुठल्यातरी शुद्ध पक्षाच्या आरंभी पडते. २०२५ साली इथली ईद आणि आपला पाडवा दोन्ही ३० मार्चलाच आले, ते यामुळेच. मध्ये अधिक महिना आला की ईद आपल्या पंचांगात एक महिना मागे सरकते, एरवी त्याच महिन्यात राहते.

आता पुढचे पाहा. २०२७ साली ही ईद १० मार्चच्या आसपास, २०२८ साली २७ फेब्रुवारीच्या आसपास आणि २०२९ साली १५ फेब्रुवारीच्या आसपास येईल. चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद्या दिवसाचा फरक पडेल. पण तिन्ही वर्षे ती फाल्गुनाच्या आरंभी, म्हणजे महाशिवरात्र आणि शिमगा यांच्या मध्ये आहे. ईदेच्या तीन दिवसांना शुक्रवार-शनिवार जोडले आणि रजेचे तीन-चार दिवस घातले की नऊ-दहा दिवस सहज निघतात. देशावरच्या कुटुंबांसाठी बकरी ईद आहे. २०२७ आणि २०२८ साली ती वैशाखात, ऐन यात्रा आणि लग्ने चालू असताना येते, आणि २०२९ साली चैत्र पौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधी. अशी तीन वर्षे लागोपाठ आली आहेत. पुढे ईद माघात, मग पौषात जाईल, आणि फाल्गुनात परत यायला तीस वर्षे लागतील. आज पाचवीत असलेले मूल तेव्हा चाळिशीला आलेले असेल.

परीक्षेच्या सुमारास नेणे शक्य नाही, दहावी-बारावीच्या घरांनी तर विचारही करू नये. पण बाकीच्यांनी या तीन वर्षांतले एक वर्ष धरावे. दर वर्षी जा असे आमचे म्हणणे नाही. मूल बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत एकदा तरी त्याने आपल्या गावची जत्रा, पालखी किंवा घरचे लग्न पाहिलेले असावे. त्या वर्षी उन्हाळ्यात इथेच राहावे लागले तरी हरकत नाही, एसी आहेच. कोकणात जाणेही आता सोपे झाले आहे. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते, आणि गोव्याचा मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू आहे, तो सिंधुदुर्गाच्या अगदी सीमेवर.

ज्यांना जुलै-ऑगस्टशिवाय गत्यंतर नाही त्यांनी निदान १५ ऑगस्ट गावात काढावा, मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये नव्हे. सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदन असते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाणी, रस्ता, शाळेची खोली यांची चर्चा चालते. ग्रामसभेचे सभासद गावच्या मतदारयादीतले मतदार असतात. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही २०११ पासून पासपोर्टवरील पत्त्याच्या ठिकाणी यादीत नाव घालता येते. फॉर्म ६-अ भरावा लागतो आणि मत मात्र तिथे जाऊनच द्यावे लागते. मुलाला मागच्या बाकावर बसवून सभा ऐकवली तरी आपल्या गावचे प्रश्न काय आहेत हे त्याला कळेल.

आता मंडळाविषयी, कारण सांगणाऱ्याने आधी स्वतः काही सोडावे. ईदेची सुट्टी आली की हॉल मिळतो, लोक मोकळे असतात, म्हणून आपण मोठा कार्यक्रम त्याच दिवसांत ठेवू पाहतो. मग नाटकात काम करणारे, पेटी वाजवणारे, स्वयंपाकाला उभे राहणारे कोणीच गावी जाऊ शकत नाहीत. आमचे मत असे की २०२७ ते २०२९ ही तीन वर्षे दोन्ही ईदेच्या सुट्ट्यांत मंडळाने मोठा कार्यक्रम ठेवू नये. तिकिटे कमी खपतील, हॉलची तारीख जाईल, हे आम्ही जाणतो. परंतु गावची संस्कृती टिकवण्यासाठी काढलेल्या मंडळानेच सभासदांना गावी जाण्यापासून अडवावे, हे बरे दिसत नाही. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा अशी कार्यकारिणीला विनंती आहे.

आणि एक छोटी सूचना. या पत्रिकेचे शेवटचे अर्धे पान ‘गावचा फलक’ म्हणून ठेवावे. प्रत्येक कुटुंबाने गावी फोन केला की दोन ओळी लिहून आणाव्यात: जत्रेची तारीख ठरली का, सप्ताह कधी बसतो, शाळेचे गॅदरिंग कधी, नळ आले की नाही, कोणाच्या मुलीला नोकरी लागली. बातमी लहान असली तरी चालेल, मात्र ती पक्की असावी आणि तारीख दोन महिने आधी यावी, म्हणजे रजेचा अर्ज वेळेवर जाईल. एकाच तालुक्यातली दोन घरे अशी निघाली तर जोडीने जाताही येईल.

चिठ्ठ्या शुक्रवारच्या बालवर्गाला येताना आणाव्यात. अक्षर कसेही असले तरी चालेल, ते लावून घेण्याचे काम आम्ही करू.