‘डिलीट कर’ म्हणणाऱ्यांनो, फोटो इतका सहज मरत नसतो

गेल्या महिन्यातली गोष्ट. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. उद्या तुमच्यावरही वेळ येऊ शकते.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात ओढ्यावर मोरीचं काम चालू होतं. ज्याच्या बांधाला लागून हे काम होतं, त्या शेतकऱ्याने पाहिलं की काँक्रीटमध्ये नुसती डस्ट चाललीय आणि पाईपखाली जे भरायला पाहिजे ते भरलेलंच नाही. गड्याने मोबाईल काढला आणि चौदा फोटो काढले. तेवढ्यात गुत्तेदाराची माणसं आली. दोघांनी हात धरले, तिसऱ्याने मोबाईल हिसकावला, गॅलरीतले फोटो पुसले, वरून ट्रॅश उघडून तिथलेही पुसले. मोबाईल परत हातात देऊन म्हणाला, "आता कर तक्रार."

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. त्याला वाटत होतं सगळं संपलं. "भाऊ, समदं पुसलं की हो. आता कोण इस्वास ठेवणार?"

मी एकच प्रश्न विचारला. फोटो मोबाईलमध्ये साठवत होतास की मेमरी कार्डात? नशीब बलवत्तर, फोटो कार्डात होते. आणि त्यानंतर त्याने एकही नवीन फोटो काढला नव्हता. कार्ड काढलं, रीडरला लावलं, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चालवलं. चौदापैकी अकरा फोटो जसेच्या तसे निघाले. दोन अर्धे आले, खालचा भाग राखाडी. एक गेला तो गेलाच. त्या अकरा फोटोंसह लेखी तक्रार गेली आहे. चौकशी लागली आहे. निकाल काय लागेल ते पुढे लिहीनच.

आज लिहायचंय ते मोरीवर नाही, त्या दोन शब्दांवर. ‘डिलीट कर.’

गेल्या काही वर्षांत हे दोन शब्द आपल्याकडे कायदा झाल्यासारखे वापरले जातात. वाळूच्या ट्रॅक्टरचा फोटो काढला, डिलीट कर. रेशन दुकानाच्या बंद शटरचा काढला, डिलीट कर. दवाखान्यात खाटेवर दोन पेशंट झोपलेले काढले, डिलीट कर. कार्यालयात अकरा वाजता रिकाम्या खुर्च्या काढल्या, डिलीट कर. म्हणणारा कधी गुत्तेदाराचा मुकादम असतो, कधी कार्यकर्ता, कधी खुर्चीवरचा साहेब. आणि आपण काय करतो? "जाऊ द्या ना साहेब, चुकलं" म्हणतो आणि स्वतःच्या अंगठ्याने स्वतःचा पुरावा पुसतो.

साहेबांना आणि मुकादमांना एक साधा प्रश्न. हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

संरक्षण खात्याच्या जागा, कायद्याने प्रतिबंधित ठिकाणं, तिथले नियम वेगळे आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक पैशाचं काम, रेशनचं दुकान या जागा त्यात बसत नाहीत. इतकंच काय, पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झालेल्या वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही. गुन्हा रद्द झाला.

बरं, तुमच्या मते त्या फोटोत काही बेकायदेशीर आहे असं धरू. तर पोलिसांनी मोबाईल रीतसर जप्त करावा, पंचनामा करावा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायचं असतं. जप्त करण्याची तरतूद कायद्यात आहे. चौकात मोबाईल हिसकावून पुसून टाकण्याची नाही. उलट, पुरावा म्हणून दाखल होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा ठरू शकतो.

आता कुणीतरी खाली कमेंट करणारच, "मग आयाबहिणींचे चोरून फोटो काढणाऱ्यालाही डिलीट करायला लावायचं नाही का?"

नाही. अजिबात लावायचं नाही. नीट ऐका.

बसस्टँडवर अशा पोराला पकडतात, दोन कानाखाली वाजवतात, फोटो डिलीट करायला लावतात आणि सोडून देतात. सगळ्यांना वाटतं न्याय झाला. तो पोरगा रात्री घरी जाऊन ट्रॅश उघडतो आणि फोटो परत आणतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर साठ दिवस ट्रॅशमध्ये पडून असतो. आयफोनमध्ये तीस दिवस तरी असतो. म्हणजे त्या मुलीचा फोटो त्याच्याकडे राहिला आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा मात्र तुमच्या समोरून गेला. अशा पोराला मोबाईलसकट पोलिसात द्यायचं असतं. त्याचा फोन हाच पुरावा आहे.

थोडक्यात, ‘डिलीट कर’ हा हुकूम दोन्हीकडून गुन्हेगाराच्याच कामाचा आहे. प्रामाणिक माणसाचा पुरावा जातो आणि लबाडाचा माल घरी जातो.

आता मुद्दा असा, की पुसलं म्हणजे होतं काय? हे गावातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.

सातबारावरून नाव कमी झालं म्हणून जमीन कुठे जाते का? जमीन जागेवरच असते. फक्त उताऱ्यावर ‘ही जागा मोकळी’ असं झालेलं असतं. मेमरी कार्डाचंही तसंच आहे. फोटो पुसला की कार्डाच्या नोंदीत तेवढा बदल होतो. फोटोचा मजकूर जिथे होता तिथेच पडून राहतो. पण जागा मोकळी दाखवल्यामुळे पुढचा फोटो, पुढचा व्हिडिओ त्याच जागेवर येऊन घर बांधू शकतो. घर बांधलं, की मग जुनं पीक परत उभं राहत नाही.

रिकव्हरी सॉफ्टवेअर करतं काय, तर उताऱ्यावर विसंबत नाही, थेट शिवारात फिरतं. जेपीईजी फोटोच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरावीक खूण असते. ती खूण शोधत शोधत ते कार्ड पिंजून काढतं. ‘फोटोरेक’ हे असं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. मी तेच वापरलं. फोटोचं नाव आणि फोल्डर बहुतेक वेळा परत येत नाही. पण तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल ही माहिती फोटोच्या पोटातच असते, ती फोटोबरोबर येते.

म्हणून पहिला नियम: फोटो गेले असं कळलं, की त्या कार्डावर काहीही नवीन टाकू नका. फोटो काढू नका, व्हिडिओ उतरवू नका. कार्ड बाहेर काढा. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला लॉकची छोटी पट्टी असते, ती लॉक करा. निघालेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या पेन ड्राईव्हवर घ्या. कार्ड ‘फॉरमॅट करू का’ असं विचारत असेल तर नाही म्हणा.

हा शेवटचा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते ना? मी तीन दिवस गावोगाव फिरलो होतो. आडवी झालेली ज्वारी, झोडपलेल्या बागा, मेलेली जनावरं. चौथ्या दिवशी कॅमेऱ्याने कार्ड वाचायचं नाकारलं, फॉरमॅट करू का विचारलं. मी घाईत होय म्हणालो आणि त्याच कार्डावर दिवसभर आणखी फोटो काढले. फॉरमॅट करून थांबलो असतो तरी बरेच फोटो परत मिळाले असते. मी त्यांच्यावर नवे फोटो चढवले आणि माझ्या हाताने ते गाडले. पुढे दोन महिने माणसं यायची. "साहेब, आमच्या बैलाचा फोटो काढला होता तुम्ही, द्या ना, अर्जाला जोडायचाय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यातला एक म्हातारा तीनदा आला. चौथ्यांदा आला नाही. त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला जायची माझी हिंमत झाली नाही.

फोटो माझा होता, पण पुरावा त्याचा होता. ही जबाबदारी मला तेव्हा कळली.

दुसरी गोष्ट, खोटी आशा कुणाला देऊ नका. मोबाईलच्या अंतर्गत मेमरीतून पुसलेला फोटो, ट्रॅशमधूनही गेलेला, तो सॉफ्टवेअरने परत येण्याची शक्यता आजच्या फोनमध्ये जवळजवळ नाही. तिथला मजकूर कुलूपबंद असतो, फाईल पुसली की तिची किल्लीही जाते. म्हणून ‘कुठल्याही मोबाईलचे फोटो शंभर टक्के परत’ अशी पाटी लावून पाचशे-हजार उकळणाऱ्यांपासून सावध राहा. शिवाय तो दुकानदार तुमचे बाकीचे फोटो पाहणार, याचाही विचार करा. घरच्या बायकामुलींचे फोटो असलेलं कार्ड अनोळखी माणसाकडे सोडून घरी येऊ नका. काम होईपर्यंत समोर बसा.

मात्र अंतर्गत मेमरीतला फोटो गेला तरी दुसरीकडे पाहा. ट्रॅश पाहा. गुगल फोटोज पाहा. तो फोटो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता का? अँड्रॉइडमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरात ‘सेंट’ नावाचं वेगळं फोल्डर असतं, गॅलरीतला पुसला तरी तिथली प्रत बरेचदा शिल्लक असते. फक्त व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं आणि पोटातली तारखेची माहिती काढून टाकतं. म्हणून महत्त्वाचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि सगळ्यात सोपा उपाय: काढल्या काढल्या, तिथे उभं असतानाच, घरच्या एका माणसाला पाठवून द्या. मग कुणी मोबाईल हिसकावला तरी हिसकावू द्या.

आणि कोर्टात हे फोटो चालतात का? चालतात, पण रीतसर. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद आठवा. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून भांडलं गेलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर न करता प्रत द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच. आपल्याच मराठवाड्यातला हा खटला आज देशभर दाखला म्हणून वापरला जातो. आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आहे, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, तोही लिहावा लागतो. म्हणून मूळ कार्ड जपून ठेवा. पाकिटात घाला, तारीख टाका, सही करा. निघालेला फोटो एडिट करू नका, उजळवू नका, त्यावर लाल गोल काढू नका. गोल काढायचाच तर प्रतीवर काढा.

शेवटी सरकारी बाजूलाही आरसा दाखवतो. आमचे फोटो पुसायची एवढी घाई, आणि तुमचं स्वतःचं फुटेज मागितलं की उत्तर ठरलेलं: "हार्डडिस्क भरली, जुनं आपोआप गेलं." सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांच्या सीसीटीव्हीबद्दल सांगून ठेवलंय, की साठवण अठरा महिन्यांची हवी, ते जमत नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नको. चार-सहा वर्षं झाली. आपापल्या ठाण्यात माहिती अधिकारात विचारा, किती दिवसांचं फुटेज शिल्लक आहे. आणि कुठल्याही घटनेचं फुटेज हवं असेल तर लगेच लेखी अर्ज द्या, ‘जतन करून ठेवावे’ असं लिहून पोच घ्या. कारण पुसलेलं परत येतं, पण त्यावर दुसरं चढलेलं परत येत नाही.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१७ चा कायदा आहे. चांगलं आहे. पण त्या बांधावरच्या शेतकऱ्याकडे कसलं ओळखपत्र होतं? मोरी वाहून गेली तर पाणी त्याच्या शेतात शिरणार होतं, माझ्या कार्यालयात नाही. फोटो काढायचा पहिला हक्क त्याचाच.

तालुक्यातल्या सगळ्या ठाणेदार साहेबांना आणि कार्यालय प्रमुखांना जाहीर विनंती. आपल्या माणसांना लेखी समज द्या, की नागरिकाचा मोबाईल घेऊन फोटो पुसायचा नाही. हरकत असेल तर कायद्याने जावं. दोन ओळींचं पत्र आहे, खर्च शून्य.

आणि तुम्हा वाचकांना एवढंच. पुढच्या वेळी कुणी म्हणालं ‘डिलीट कर’, तर आवाज न चढवता विचारा, "साहेब, कुठल्या कलमाखाली? लिहून देता का?" समोर गुंड असतील तर मात्र वाद घालू नका, जीव आधी. पुसू द्या त्यांना. फक्त नंतर त्या कार्डावर काही काढू नका, आणि थेट या. माझं कार्यालय माहीत आहेच. लॅपटॉप चालू असतो. पैसे लागत नाहीत.

कॉपी करून गावच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही. नाव नाही टाकलं तरी चालेल.