बकऱ्याही जिंकतात, बरं का!

"आपल्याकडे डावपेचांचे बैठे खेळ आहेतच कुठे?" असं विचारणाऱ्यांनी आधी वाघ-बकरी खेळून बघावं.

गुरं हाकण्याच्या 'ग्रेट वेस्टर्न ट्रेल'चं कौतुक मीही ऐकतो. अलेक्झांडर फिस्टरचा २०१६ सालचा हा खेळ उत्तमच आहे. टेक्सासहून कॅन्सस सिटीला कळप न्यायचा. गुरं जितक्या वेगवेगळ्या जातींची, तितकी कमाई जास्त. पण तिथे गुरं म्हणजे विकायचा माल. आपल्या पटावर कळप स्वतः लढतो!

३ वाघ, १५ बकऱ्या, २३ घरं. वाघ बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारतो, बकरी गेली. बकरीला मारता येत नाही. तिच्या हाती एकच गोष्ट: सोबतिणीच्या पाठीमागचं घर रिकामं ठेवायचं नाही. हे साधलं की तिन्ही वाघ कोंडले जातात. ह्याला पोरखेळ म्हणायचं?

आणि हा खेळ नेमका कोणाचा? घाटापलीकडे बेळगावच्या उद्यमबागेत जा. तिथल्या कारखान्यांत मराठी आणि कानडी कामगार शेजारी शेजारी राबतात. एकाचा वाघ-बकरी, दुसऱ्याचा आडु-हुली. पट मात्र एकच. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला, त्याचा निकाल न्यायालय देईल. ह्या पटावर तरी दावे नकोत!

'लुप्त होणारा वारसा' म्हणून गळे काढणाऱ्यांनो, संग्रहालय कशाला? जेवणाच्या सुट्टीत फरशीवर खडूने रेघा ओढा, १८ खडे गोळा करा आणि समोर बसेल त्याच्याशी खेळा. भाषा कुठलीही असो.