चार पिकू द्या

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे. 2012 मध्ये गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे ग्रामसभेने ठरवलं, आपल्या जंगलात तेंदूपत्ता तोडायचा नाही. झाडीपट्टीत राहणाऱ्यालाच या ठरावाचं वजन कळेल. तेंदूपत्ता म्हणजे आमच्याकडे मे महिन्याचा रोख पैसा. पहाटे जंगलात जायचं, पानं आणायची, सगळ्या घराने बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. त्या पैशात खताची उधारी फिटते, पोरांच्या वह्या येतात. तो पैसा पाचगावने सोडला.

कारण साधं होतं. कोवळं, मोठं पान यावं म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, फूट लवकर यावी म्हणून जंगलाला आग लावतात. दरवर्षी छाटलेल्या झुडपाचं झाड होत नाही, आणि झाड झालं नाही तर टेंभरं लागत नाहीत. टेंभरं म्हणजे तेंदूची फळं. ती गाव खातं, अस्वल खातं, पाखरं खातात. पाचगावने बांबूवर कमाई करायची आणि टेंभरं राखायची असं ठरवलं.

प्रत्येक गावाने तेंदूपत्ता बंद करावा, असं मी म्हणणार नाही. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याला हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण पानाचा आणि फळाचा हिशेब एका पाटीवर मांडण्याचं काम पाचगावने केलं, तसं ते प्रत्येक गावाला करता येईल. निम्म्या जंगलातली झुडपं छाटायची, निम्म्यातली वाढू द्यायची, एवढं तर कुठेही जमेल.

हे आज लिहायचं कारण म्हणजे चार. ज्याच्या बीला तुम्ही चारोळी म्हणता, ते झाड. चैत्र-वैशाखात त्याला हिरव्या, मग जांभळ्या-काळ्या होणाऱ्या बारीक फळांचे घोस लागतात. फळ गोड, गर थोडासाच, आत टणक आठोळी. ती भिजवून, चोळून, वाळवून, जात्यावर किंवा दगडावर हलक्या हाताने फोडायची की आत चारोळी मिळते. हात जड पडला तर दाण्याचा चुरा होतो. हे कसब आमच्या बायांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याची मजुरी त्यांना कधीच नीट मिळालेली नाही. मध्य भारतातल्या जंगलांत मिठाच्या बदल्यात चारोळी मोजून घेतली जात असे, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे.

आता चार पिकायची वाट कोणी पाहत नाही. आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, ही भीती जंगलभर पसरली आहे. मग हिरवीच फळं ओरबाडली जातात. हात पोचत नाही तिथे फांदी तोडतात, फांदीही उंच असली तर झाडच आडवं करतात. हिरव्या फळातला दाणा चिमलेला, वजनाला हलका, व्यापाऱ्याच्या तागडीत उतरत नाही. म्हणजे घाई करून पैसाही कमीच मिळतो. शिवाय कच्ची बी रुजत नाही आणि पिकलेली बी जमिनीवर पडतच नाही. खालचं नवं रोप वणव्यात जातं. उभी आहेत ती झाडं म्हातारी होत चालली आहेत आणि त्यांच्या जागी येणारं कोणी नाही.

मोहाचंही तेच दुखणं आहे. फूल रात्रीतून आणि भल्या पहाटे गळतं, पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून झाडाखाली आग लावून जागा मोकळी करतात. ती आग झाडाखाली थांबत नाही. झाडणीने पाचोळा बाजूला करता येतो, जुनी लुगडी किंवा जाळी बांधून फूल वरच्यावर झेलता येतं. फूल स्वच्छ मिळतं, भाव बरा येतो आणि खालची रोपं जगतात. मग टोळी, म्हणजे मोहाची बी, वेचताना थोडी जमिनीला सोडावी. मोहाचं झाड लावणाऱ्याला फुलांसाठी पुष्कळ वर्षं थांबावं लागतं.

पावसाळ्यातल्या सात्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांच्याबाबत हावरेपणा सगळ्यात लवकर अंगाशी येतो. ही अळंबी वारुळावर, वारुळाच्या आसपास उगवते. जमिनीखाली वाळवी पाला-लाकूड चावून त्याचा थर रचते, त्या थरावर ही बुरशी वाढते, आणि बुरशीने मऊ केलेलं अन्न वाळवी खाते. दोघींचा संसार एकमेकींवर चालतो. माणसाला ही शेती अजून व्यापारी पातळीवर साधलेली नाही. म्हणून बाजारात सात्या मटणाच्या भावाने किंवा त्याहूनही महाग जातात. जाणती माणसं वारूळ ओळखून असतात. चांगला पाऊस पडून ऊन तापलं की ती नेमक्या जागी जातात. वारूळ खणून काढलं की ती जागा गेली. बांधावर वाळवीचं औषध ओतलं की गेली. गिऱ्हाइकाला बंद कळ्या आवडतात म्हणून सगळ्याच कळ्या उचलल्या तर छत्री उघडत नाही आणि बीजाणू पडत नाहीत. सात्या जमिनीलगत कापाव्यात, मुळाशी खणू नये, आणि प्रत्येक वारुळावर चार-सहा छत्र्या उघडायला ठेवाव्यात.

शहरातून रानमेव्याच्या हौसेने येणाऱ्या तरुण मंडळींना इथेच हात जोडून विनंती आहे. अळंबी फोटोवरून ओळखू नका. लसूण काळा पडतो का, चांदीचा चमचा काळवंडतो का, किड्याने खाल्लीय का, यातली एकही परीक्षा खरी नाही. जीवघेण्या अळंबीचं विष शिजवून जात नाही आणि त्रास बहुतेकदा सहा-बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. जिने आयुष्यभर ती खाल्ली आहे, त्या बाईच्या सोबत जा. ती नको म्हणाली की टोपली रिकामी आणा.

बिब्याची गोष्ट वेगळी आहे. हिवाळ्यातल्या डिंकाच्या लाडवात जी गोडंबी घालतात, ती बिबे फोडून काढतात. फोडताना उडणारं तेल कातडी जाळतं. गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात एकदा पाहिले की लाडू घशाखाली उतरत नाही. ही कला टिकली पाहिजे, पण अशा हातांवर नको. जाड हातमोजे, बरं यंत्र आणि दाण्याला रास्त भाव हे तिन्ही एकदम मिळायला हवं.

मग वाघ. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात जातात. वेचणारा माणूस वाकलेला असतो, बहुधा एकटा, पहाटेच्या अंधारात. ज्या घरातली आई गेली त्या घराला रानमेवा वाचवा असं सांगताना जीभ अडखळते. तरीही जंगलात जाऊच नका, हा सल्ला मला मान्य नाही. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात दुसरं काही नाही, त्यांना हा सल्ला देणाऱ्याने आधी त्यांच्या चुलीची जबाबदारी घ्यावी. उजाडल्यावर, घोळक्याने, बोलत आणि हाका मारत जायचं. कोणत्या भागात वाघ आहे हे वनरक्षकाने त्याच संध्याकाळी गावाला कळवायचं, आणि त्या भागात कोणी जायचं नाही हे ग्रामसभेने पाळायचं. घोळका जमायचा तर वेचायची तारीख ठरलेली हवी. म्हणजे जी गोष्ट चारीला वाचवते, तीच माणसालाही वाचवते.

तारीख ठरवायचा अधिकार आपल्याकडे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 ने परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनउपजावर मालकी दिली, आणि कलम 5 ने जंगल, वन्यजीव, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर हा हक्क मिळवला. त्यानंतर जिल्ह्यात शेकडो गावांना तो मिळाला. पुष्कळ ठिकाणी हक्काचा कागद पेटीत आहे आणि जंगलात अजून जो आधी पोचेल त्याची फळं. हक्क मिळाला म्हणजे अर्धंच काम झालं. कोण, कधी, किती तोडणार, हे गावाने ठरवणं हा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो कोणी बाहेरून येऊन करून देणार नाही.

सरकारनेही आपली बाजू सांभाळावी. 1974 मध्ये वनविकास महामंडळ निघालं, आणि आमच्याकडचं मिश्र जंगल तोडून सागवानाच्या रांगा लावल्या गेल्या. सागाच्या रांगेत चार नाही, टेंभरं नाही, मोह नाही. खाण असो की रस्ता, जंगल जातं तेव्हा लाकडाची मोजणी होते. त्या झाडांवरून दरवर्षी किती फळ, किती बी, किती फूल गावात येत होतं, याची रक्कम गावाच्या हिशेबात धरली जात नाही. ती धरा. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची उघडून पाहा. घाईत, दुसऱ्या गावच्या यादीवरून उतरवलेली वाटली तर शाळेतल्या पोरांना आजीसोबत जंगलात पाठवा आणि पुन्हा लिहा. कोणतं वारूळ, कोणती चारी, कोणता मोह, हे सगळं त्यात हवं.

नागपूर, पुणे, मुंबईच्या वाचकांनी श्रीखंडावर चारोळी घालताना ती कुठून आली हे दुकानदाराला विचारावं. भरलेला, गोल दाणा मागावा, चिमलेला घेऊ नये. ग्रामसभेकडून किंवा बचत गटाकडून थेट मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तिथूनच घ्यावी. पिकेपर्यंत थांबणाऱ्या गावाला थांबण्याचा मोबदला मिळाला, तरच शेजारचं गाव थांबेल.

गावकऱ्यांनो, 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत चार ओरबाडून झालेली असते. म्हणून हा विषय 26 जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या. ठरावात एवढं लिहा: अमुक तारखेआधी कोणी चार तोडणार नाही, फांदी कोणी तोडणार नाही, प्रत्येक झाडावर एक घोस राहील, मोहाखाली आग लागणार नाही. शेजारच्या दोन-तीन गावांनाही त्या दिवशी बोलवा आणि त्यांच्याही सह्या घ्या, कारण जंगलाला शीव नसते. नियम मोडणाऱ्याचा दंड गावानेच ठरवावा. आणि पहिल्या वर्षी पहारा द्यायला आजींना पुढे बसवा, त्यांच्यासमोर हिरव्या चारीला हात लावायची कोणाची छाती होत नाही.