भांडण झालं नाही तो दिवस

"बाई, दोन महिने झाले, बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. पोरगा घर सोडून जातो म्हणतोय." बसता बसताच त्या भगिनीने डोळ्याला पदर लावला. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) किराणा दुकान असलेलं मराठी घर, आईचं माहेर कन्नड. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला मुलगा नापास झाला आणि त्या दिवशी नको ते शब्द बोलले गेले.

अशा वेळी आपण लगेच विचारतो, चूक कुणाची? मी आधी एवढंच विचारलं, मारहाण होते का? मुलगा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतो का? तसं काही नव्हतं. मग चूक शोधणं मी बाजूला ठेवलं.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर आणि त्यांच्या पत्नी, मूळच्या कोरियाच्या समाजकार्यकर्त्या इन्सू किम बर्ग यांनी सहकाऱ्यांसह १९७८ साली कुटुंबांसाठी समुपदेशन केंद्र काढलं. समस्येची मुळं खणत बसण्यापेक्षा ती कधी नसते ते पाहावं आणि जे जमतंय ते वाढवावं, ही पद्धत तिथेच घडली.

त्यातलाच एक प्रश्न मी विचारला. "समजा, आज रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला आणि अबोला मिटला. सकाळी तुम्ही कशावरून ओळखाल?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे त्याला विचारतील, चहा घेतलास का रे? मला रोज 'ऊट आतेन?' विचारतात ना, तसं."

"या दोन महिन्यांत थोडं तरी बोलणं झालं, असा एखादा दिवस?"

"बाजाराच्या दिवशी. दुकानात गर्दी असते, पोरगा तराजूवर उभा राहतो. साखर दोन किलो, तूरडाळ एक, एवढं तरी बोलतात."

"शून्य म्हणजे सगळं तुटलं, दहा म्हणजे सगळं जुळलं. आज कुठे आहात?"

"तीनावर."

"शून्यावर का नाही?"

"जेवायला अजून घरीच येतो की!"

"मग तीनाचे चार कशाने होतील?"

"दुकान बंद करताना दोघांनी मिळून हिशेब लिहिला तर..."

हा उपाय तिचा होता, माझा नव्हे. म्हणूनच तो घरी चालला. पंधरा दिवसांनी आली ती "साडेतीन" म्हणतच. मुलगा पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला तयार झाला होता. चहाचं मात्र वडिलांनी अजून विचारलं नव्हतं.

ही जादूची कांडी नव्हे. घरात मारहाण असेल किंवा जीव देण्याची भाषा असेल, तर आधी सुरक्षितता पाहावी. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ या क्रमांकावर लगेच मदत मागावी.

एरवी मात्र वाचकहो, घरात वाजलं की "काय बिघडलं?" याच्या जोडीला "कधी बरं चाललं होतं?" हेही विचारून पाहा. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण विचारा.