जुळ्यांतली खट्याळ कोणती?

आमच्या रविवारच्या वर्गात दोन जुळ्या बहिणी आहेत. कुठल्याही कार्यक्रमाला गेल्या की कोणीतरी मावशी किंवा काका त्यांना हसत हसत विचारतातच, "तुमच्यातली खट्याळ कोणती गं?" आम्हांला या प्रश्नाचा राग येतो. एक खट्याळ असलीच पाहिजे, हे कोणी ठरवले?

आमच्या मते टीव्हीने. 'स्टार ट्रेक'च्या १९६७ सालच्या एका भागात दुसऱ्या विश्वातला क्रूर स्पॉक दिसतो. तो ओळखू यावा म्हणून त्याला दाढी! 'नाइट रायडर'मध्ये मायकेलसारखाच दिसणारा गार्थ येतो, त्यालाही दाढी-मिशी. हिंदी सिनेमा थोडा बरा. 'राम और श्याम' (१९६७) आणि 'सीता और गीता' (१९७२) यांत एक भित्रे नि दुसरे धीट, एवढेच.

रामायणातले वाली आणि सुग्रीव जुळे नव्हते, पण लढताना इतके सारखे दिसले की रामाला बाणच सोडता येईना. (वाल्मीकींनी त्यांना अश्विनीकुमारांची, म्हणजे जुळ्या देवांची, उपमा दिली आहे.) बिचारा सुग्रीव मार खाऊन परत आला. मग लक्ष्मणाने त्याच्या गळ्यात गजपुष्पीची वेल घातली. म्हणजे इथे खूण मित्राला केली, शत्रूला नाही. शिवाय वाली वाईटच होता का, यावर आमच्या वर्गात अजून भांडण चालू आहे. मरताना त्याने रामाला विचारलेले प्रश्न आमच्यातल्या निम्म्यांना पटतात.

नकुल-सहदेव मात्र खरे जुळे. विराटाकडे नकुल घोडे सांभाळतो आणि सहदेव गाई. दोघांची कामे वेगळी, हे आम्हांला फार आवडले. पण यक्षाची गोष्ट खटकते. एकच भाऊ जिवंत होईल असे यक्ष म्हणतो, तेव्हा युधिष्ठिर नकुलाला मागतो. कुंतीचा एक मुलगा उरला, तसा माद्रीचाही एक उरावा म्हणून. दोन्ही आयांना न्याय मिळाला, पण सहदेवाचे काय? नकुल असला म्हणजे सहदेव असल्यासारखेच, असे धर्मराजालाही वाटले काय? यक्षाने शेवटी चौघांनाही उठवले म्हणून बरे.

यंदा स्नेहसंमेलनात लव-कुशाचे नाटक आहे. बाईंना आमची एकच विनंती. दोघांना वेगवेगळी वाक्ये द्या. लवाने बोलायचे आणि कुशाने नुसती मान डोलवायची, असे नको.