गाळ फेकायचा की पेरायचा?

धरणात साचलेला गाळ ही धरणाची डोकेदुखी. पण तोच शेतात पसरला की जमिनीचा कस वाढतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ मध्ये सुरू झालेली योजना याच साध्या हिशेबावर उभी आहे. बंदरांमध्ये मात्र हा हिशेब अनेकदा उलटा मांडला जातो. जहाजांचा मार्ग खोल राहावा म्हणून ड्रेजरने उपसलेला गाळ दूर समुद्रात नेऊन टाकला जातो आणि त्याच बंदराशेजारची दलदल गाळाअभावी बुडू लागते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ही विसंगती ठळकपणे दिसते.

तेथील काठावर खारफुटीची झाडे नाहीत, तर खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या गवताची आणि झुडपांची दलदल आहे. भरतीचे पाणी गवतात शिरून मंदावते, त्यातला गाळ खाली बसतो आणि जमीन कणाकणाने उंच होते. समुद्र चढला तरी दलदलही त्याच्यासोबत चढते. पण त्यासाठी गाळ मिळत राहावा लागतो. ही दलदल लाटांचा जोर मोडते, कार्बन धरून ठेवते. फक्त याच परिसरात आढळणाऱ्या एका दुर्मीळ उंदराचे ती घर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शेती, मिठागरे आणि विमानतळांसाठी बांध घालून यातली बहुतांश दलदल समुद्रापासून तोडली गेली. सोन्याच्या खाणींतून वाहून येणारा प्रचंड राडारोडा १८८४ मधील न्यायालयीन निकालानंतर रोखला गेला. पुढे धरणांनीही नद्यांचा गाळ अडवला. १९९९ च्या सुमारास तर उपसागराच्या पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचे प्रमाण एकदम सुमारे एक तृतीयांशाने घटले.

बांध फोडला की दलदल परत येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण बांधाआडची कोरडी पडलेली जमीन खचत जाते. पाणी आत घेतले तर तेथे गवत नव्हे, तळे तयार होते. उपसागराच्या उत्तरेकडील हॅमिल्टन हा जुना लष्करी विमानतळ असाच खचला होता. तेथे आधी ४० लाख घनमीटरहून अधिक गाळ नळाने सोडण्यात आला. त्यातला बराचसा ओकलंड बंदर खोल करताना निघालेला होता. जमीन पुरेशी उंच झाल्यावर २०१४ मध्ये बांध फोडण्यात आला. बंदराचा कचरा समजला जाणारा गाळ तेथे दलदलीचा पाया ठरला.

नळ, पंप आणि तरंगते फलाट महागडे असतात. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये ईडन लँडिंगजवळ वेगळा प्रयोग झाला. रेडवूड सिटी बंदरातला सुमारे ७० हजार घनमीटर गाळ किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात सोडून, तो दलदलीपर्यंत वाहून नेण्याचे काम भरती-लाटांवर सोपवले गेले.

तंत्र हाताशी आहे. अडचण हिशेबाच्या वहीत आहे. अमेरिकी लष्कराचा अभियंता विभाग दरवर्षी सुमारे १५ कोटी घनमीटर गाळ उपसतो. पर्यावरणाचे निकष पाळून सर्वांत स्वस्तात विल्हेवाट लावायची, हा त्याचा मूळ नियम. गाळ दलदलीपर्यंत नेण्याचा वाढीव खर्च बहुधा स्थानिकांच्या माथी येतो. पण दलदल बुडाल्यावर बांधावी लागणारी भिंत आणि पुराचे नुकसान ‘स्वस्त’ या शब्दात कुठेच मोजले जात नाही. २०३० पर्यंत ७० टक्के गाळ उपयोगात आणण्याचे उद्दिष्ट या विभागाने २०२३ मध्ये जाहीर केले. नियमाची व्याख्या बदलली नाही, तर ते कागदावरच राहण्याची भीती आहे. लोक मात्र पुढे गेले आहेत. २०१६ मध्ये उपसागराभोवतालच्या नऊ काउंटींतील मतदारांनी दलदलीसाठी दर मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलर कर स्वतःवर लावून घेतला.

आक्षेपही खरे आहेत. या उपसागराच्या गाळात जुन्या खाणींतला पारा आहे. दलदलीत त्याचे अधिक विषारी रूप तयार होऊन ते माशांमार्गे माणसापर्यंत पोहोचू शकते. म्हणून प्रत्येक खेपेची तपासणी हवी आणि दूषित गाळ बाजूला काढायलाच हवा. तसेच गाळाच्या थराखाली तळाचे जीव गाडले जातात. थर किती जाड आणि केव्हा टाकायचा, हे ठरवूनच काम व्हावे.

मुंबई आणि उरणच्या बंदरांच्या मार्गांतूनही गाळ नेहमी उपसावा लागतो. तरी सॅन फ्रान्सिस्कोची नक्कल येथे चालणार नाही. २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळालेल्या ठाणे खाडीत रोहित पक्षी उघड्या चिखलावर पोट भरतात. तेथे गाळ ओतणे म्हणजे जीर्णोद्धाराच्या नावाखाली भरावच. घेण्यासारखा आहे तो प्रश्न विचारण्याचा क्रम: कुठला किनारा खचतो आहे, त्याला गाळ हवा आहे का, आणि उपसलेला गाळ निर्धोक आहे का? ही उत्तरे तपासण्याआधीच गाळाची बोट समुद्राकडे वळवणे ही काटकसर नव्हे. नदीने शेकडो वर्षे खपून आणलेली माती एकदा खोल समुद्रात गेली की परत आणता येत नाही.